पाठपोट लिहिलेली गोष्ट

जिन्याखालच्या त्या खोलीत एक टेबल, एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि टाचणीमावशी, एवढंच मावतं. गिऱ्हाइकानं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आणि माप घ्यायची वेळ आली की मावशीनं बाहेर यायचं. दारावर पाटी आहे, 'कपडे उसवून, आटवून, वाढवून मिळतील.' नवे कपडे ती शिवत नाही असं नाही, पण तिचा हात बसलाय तो दुसऱ्यानं बिघडवलेल्या कपड्यांवर. "नवा कपडा कुणीही शिवेल," ती म्हणते. "दुसऱ्याची चूक त्याला न दुखवता काढायची, त्याला हात लागतो."

तिच्या ओठांत सदा चार-पाच टाचण्या असतात. त्या तशाच धरून ती बोलते, म्हणून टाचणीमावशी. "हात वर करा. श्वास सोडा. पोट आत ओढू नका, माझ्यापासून लपवून ते जाणार कुठं," हे सगळं ओठ न हलवता. आजवर एकही टाचणी पोटात गेलेली नाही. देवाची कृपा, ती म्हणते, आणि थोडं माझंही लक्ष.

शाळा तिची सातवीतच सुटली. वडील गेले, घरात मशीन होतं, ती मशीनवर बसली. वाचनाची भूक मात्र देवानं पोटात घालून पाठवलेली, ती काही सुटली नाही. शिवणकामात नमुने कापायला जुनी वर्तमानपत्रं लागतात. रविवारच्या पुरवणीत गोष्ट यायची. मावशी नमुना आखता आखता ती वाचायची, आणि गोष्ट रंगात आली की नेमका तिथं कुणाच्या तरी झग्याचा गळा यायचा. कात्री फिरली की शेवट गोल कापून खाली. मग उरलेली गोष्ट ती मनानंच पुरी करायची. नवरा परत आला असेल का, मुलीनं पत्र फाडलं असेल की ठेवलं असेल. चाळीस वर्षं तिनं अशा बिनशेवटाच्या गोष्टी वाचल्या. त्यामुळं गोष्ट कुठं ओढते, कुठं ढगळ पडते, हे तिला कापडासारखं कळायला लागलं. कागदाच्या मागच्या बाजूला काय असतं, हे मात्र तिनं कधी पाहिलं नाही. मागं जाहिरात असायची, नाहीतर कालच्या थंडीची बातमी. तिचं काम पुढच्या बाजूशी.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढं जे घडलं ते ह्याच सवयीनं घडलं.

मावशीचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. दुसऱ्या मजल्यावर तिची नणंद. नवऱ्याला आईच्या माघारी ह्या थोरल्या बहिणीनंच वाढवलेलं, आणि त्या भरात स्वतःचं लग्न राहून गेलेलं. चौतीस वर्षं तिनं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. कुठलं पत्र आलं, कुठलं गेलं, कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीनं, सगळं तिच्या वहीत. माणूस नाकासमोर चालणारं, शब्दाला पक्कं, आणि जिभेला धार. मावशी लग्न होऊन आली त्या आठवड्यातच नणंदेनं तिला दारात थांबवून सांगितलं होतं, "माझ्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." का सांगितलं, कशावरून सांगितलं, ते मावशीला ठाऊक होतं. एकतीस वर्षं तिनं तो नियम पाळला. वन्संच्या दोरीवरचा वाळलेला टॉवेलसुद्धा पावसात भिजू दिला, पण विचारल्याशिवाय काढला नाही.

निवृत्त झाल्यावर वन्सं गोष्टी लिहायला लागल्या. वाचनालयात लिहिणाऱ्या मंडळींची बैठक भरते, तिथं निवडलेली गोष्ट ज्याची त्यानं वाचायची असते. वन्संच्या दोन गोष्टी परत आल्या होत्या. दोन्हींवर एकच शेरा, भाषा फार कचेरीतली आहे. दुसऱ्या वेळी वन्सं दोन दिवस जेवायला खाली आल्या नाहीत.

आणि एका मंगळवारी संध्याकाळी त्या जिन्याखाली आल्या. दारात उभ्या राहिल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि कागदांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवला.

"कोट आहे का कुठला?" मावशीनं विचारलं.

"गोष्ट आहे. शनिवारी दुपारी बारापर्यंत वाचनालयात द्यायचीय. ही तिसरी. ही परत आली तर मी लिहिणं बंद करणार."

"मग मी काय करू?"

"वाच. कुठं काय खटकतं ते सांग. तुला व्याकरण येत नाही हे मला माहीत आहे."

"मग मलाच का?"

वन्संनी जरा वेळ इस्त्रीकडं पाहिलं. "धाकटा म्हणतो, तुला लोकांचे दोष काढता येतात आणि लोकांना राग येत नाही. ते कसं करतेस ते बघायचंय मला." दोन पायऱ्या चढून त्या थांबल्या. "सगळी वाच. मधेच सोडू नकोस."

एकतीस वर्षांत वन्संनी तिला काही विचारलं होतं ते पहिल्यांदाच.

बुधवारी सकाळी झाडलोट, देवापुढचा दिवा, नवऱ्याचा चहा आटोपून मावशी खाली आली आणि कामाला हात लावायच्या आधी गठ्ठा उघडला. अक्षर सुंदर, सरळ, रांगेत उभं केल्यासारखं. आठ पानं, आणि कागद मात्र चारच. वन्सं कचेरीतही पाठपोट लिहायच्या. पाठ कोरी सोडणं त्यांना पापासारखं वाटे.

गोष्ट होती एका बहिणीची. आई गेलेली, भाऊ लहान, आणि ती सोळाव्या वर्षी घर सांभाळते. सुरुवात अशी, 'सदर मुलगी सकाळी पाच वाजता उठत असे, व त्याअर्थी घरातील कामांची जबाबदारी तिजकडे होती.'

मावशीनं टाचण्या ओठांतून काढून ठेवल्या, कारण हसू आलं असतं तर त्या खरंच पोटात गेल्या असत्या.

पण दुसऱ्या पानावर हसू थांबलं. भाऊ तापानं फणफणलाय, घरात थर्मामीटर नाही, आणि ती मुलगी आपल्या कपाळाला एक हात आणि त्याच्या कपाळाला एक हात लावून रात्रभर दोन्हींतला फरक मोजत बसते. तिथं एकही 'सदर' नव्हता. मावशीनं कापडाच्या कडेची एक पांढरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर लिहिलं, 'इथं छान बसलंय. हात लावू नका,' आणि टाचणीनं पानाला लावली.

असं तिचं सुरू झालं. कपडा अंगावर चढवून गिऱ्हाइकाला आरशापुढं उभं केल्यावर ती जशा टाचण्या लावते, तशाच चिठ्ठ्या. 'सदर काढा, बहीण भावाला सदर म्हणत नाही.' 'इथं ताण पडतो, वाक्य मधोमध उसवा.' 'वर ती उठत होती, खाली ती उठते. एकाच शिवणीला दोन रंगांचा दोरा. एक कुठला तरी ठरवा.' 'इथं मुलगी रडते असं सांगू नका, पातेलं खाली ठेवलं तेवढं पुरतं, ते मला दिसलं.' व्याकरणाचं नाव तिला सांगता आलं नसतं. पण सुरकुती पडली की डोळ्याला कळते, तशी कानाला कळत होती.

पाचव्या पानावर ती अडकली. तिथं बहिणीला कचेरीत बढती मिळते, आणि ती बढती नऊ ओळी चालते. कोणत्या क्रमांकाच्या आदेशानं, कोणत्या तारखेपासून, कुणाच्या शिफारशीनं. मावशीनं दोनदा वाचलं. हे काढलं तर गोष्ट कशी पडेल ते बघावं, म्हणून हात पुढं गेला.

कापडाला ती धावदोरा घातल्याशिवाय कधी कात्री लावत नाही. पण कागद हातात आला की कात्री आपोआप येते, चाळीस वर्षांची सवय. पानाचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून कडा राखून तिनं त्या नऊ ओळी नीट चौकोनी कापून काढल्या. तुकडा बाजूला ठेवला. वरची ओळ आणि खालची ओळ जोडून वाचली. छान पडत होती.

तेवढ्यात रस्त्यालगतच्या बुटक्या खिडकीत काळे, टाच झिजलेले बूट येऊन थांबले. दवाखान्यातला कंपाउंडर.

"मावशी, हा कोट. आत एक खिसा लावून द्या चष्म्यासाठी. उभ्या उभ्या पाहिजे. चार वेळा चष्म्यावर बसलोय मी ह्या महिन्यात."

"चष्मा लावून बसलात तर दिसेल तरी कशावर बसताय ते."

"करा हो थट्टा. रांग लागलीय माझी तिकडं."

मावशीनं अस्तराचं कापड ओढलं. खिशाला नमुना हवा होता, चष्म्याच्या मापाचा. हाताशी बरोब्बर त्या मापाचा चौकोनी कागद पडलेलाच होता. तो ठेवून खडू फिरवला, कापलं, शिवलं. खिशावर इस्त्री मारताना आत कागद घालावा लागतो, नाहीतर शिवणीचा वळ कोटावर उमटतो. तोच कागद आत सरकवला, इस्त्री मारली, कोट दिला. काळे बूट पळाले.

दुपारी हात मोकळा झाल्यावर तिनं गोष्ट पुन्हा उचलली. पाचवं पान उलटलं.

सहाव्या पानाच्या मधोमध एक खिडकी होती. खिडकीतून तिला आपल्याच मांडीवरचा कपडा दिसला.

तिनं पान परत उलटलं, पुन्हा सुलटं केलं. खिडकीच्या वरची ओळ होती, 'ज्या दिवशी भावाची बायको घरात आली, त्या दिवशी तिच्या हातात पेटी नव्हती, एक लहान कात्री होती. ती पाहून मला' आणि पुढं भोक. भोकाखाली, 'हे मी तिला आजवर सांगितलेले नाही. सांगता आले असते तर ही गोष्ट लिहिली नसती.'

पाच पानं 'ती' असलेली मुलगी इथं 'मी' झाली होती. बाकी गोष्ट पुढं दोन पानांत संपत होती. मावशीनं ती वाचली, कारण वन्संनी सगळी वाच म्हटलं होतं. पण तिचं मन त्या भोकातून खाली पडलेलं होतं. सगळी वाच, मधेच सोडू नकोस, ह्याचा अर्थ तिला आत्ता लागला. आणि वन्संना शनिवारी द्यायची गोष्ट आता पुरी राहिली नव्हती, हेही.

तिनं मशीनवर कापड टाकून झाकलं. हा तुकडा सापडल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं आणि चप्पल घातली. पण दवाखाना बुधवारी दुपारनंतर बंद असायचा, आणि कंपाउंडर राहतो कुठं ते कुणालाच माहीत नव्हतं.

गुरुवारी दवाखाना उघडायच्या आधीच मावशी दारात. कंपाउंडर कोट घालूनच आला.

"खिसा फक्कड झालाय, मावशी."

"खिशात कागद होता."

"होता की. मी म्हटलं कुणाच्या तरी बढतीचा हुकूम आलाय माझ्या खिशात. वाचला, म्हटलं आपलं नशीब कुठलं, आणि टाकून दिला."

"कुठं टाकला?"

"इथंच, टोपलीत."

"टोपली कुठाय?"

"दवाखान्याचा कचरा रोज बंद करताना जाळतात. नियम आहे." त्याला आता तिचा चेहरा दिसला. "महत्त्वाचा होता का हो?"

"मागं काय लिहिलं होतं?"

"मागं?" तो खरोखर बुचकळ्यात पडला. "मागं कोण बघतं, मावशी."

मावशी परत फिरली. हा तरी काय बोलणार होता, तिनं तरी कुठं पाहिलं होतं.

दुपारी नवरा पंपावरून जेवायला आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ताट पुसून खाल्लं.

"एवढंच ना? चार ओळी तूच लिही. गोष्टींचे शेवट लावण्यात तुझा हात कोण धरतोय? आणि अक्षर काढ तिच्यासारखं. बाहीला ठिगळ लावतेस ते कुणाला दिसत नाही, हे कसं दिसेल?"

"अहो, ते ठिगळ माझ्याच कापडाचं व्हायचं."

"मग?"

"मग काय. पण बघते."

तिनं बघितलं. उरलेला दिवस ती भोकाचा कागद पुढ्यात घेऊन बसली. 'ती पाहून मला' ह्याच्यापुढं तिनं पहिल्यांदा लिहिलं, 'फार आनंद झाला.' खोडलं, कारण आनंद झालेलं माणूस दारात थांबवून नियम सांगत नाही. मग लिहिलं, 'भीती वाटली.' तेही खोडलं. वन्संना कधी कशाची भीती वाटते असं तिनं ऐकलं नव्हतं. मग लिहिलं, 'राग आला,' आणि ते लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की एकतीस वर्षं आपण हेच लिहून बसलो होतो. दुसरं काही असेल असं कधी मनात आणलं नाही. तिनं सगळं फाडलं. परक्या गोष्टींचे शेवट लावणं सोपं असतं, तिथं आपण कुणी नसतो.

जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं लिहायचं नाही. वर जायचं आणि सांगायचं. ती उठली, आठ पानं छातीशी धरली आणि दोन जिने चढून गेली.

वन्सं खिडकीशी बसल्या होत्या. मावशीनं एका दमात सांगितलं, आणि काही मागं ठेवलं नाही. कात्री, खिसा, इस्त्री, टोपली, जाळ.

वन्संनी ते पान हातात घेतलं. भोकातून एकदा मावशीकडं पाहिलं, आणि पान खाली ठेवलं.

"विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं मी तुला."

"हो."

"मी वाचायला दिलं होतं."

"हो."

"तीन महिने घालवले होते मी त्या सात-आठ ओळींवर. बाकीची गोष्ट पंधरा दिवसांत झाली." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "मला उद्या सकाळी दहापर्यंत लेखी खुलासा पाहिजे."

"काय?"

"लेखी. कागद गहाळ झाला की खुलासा घ्यायचा असतो. तोंडी मी ऐकत नाही."

मावशी खाली आली. नवरा म्हणाला, "ताईनं घेतला का खुलासा? माझ्याकडून घेतला होता तिनं, चौथीत असताना, दप्तर हरवलं तेव्हा. जा, लिही. नाही दिलास तर स्मरणपत्र येईल."

मावशीनं जन्मात हिशेबाची चिठ्ठी आणि मापं सोडून काही लिहिलं नव्हतं. पण शुक्रवारी पहाटे देवापुढं हात जोडून ती बसलीच. लिहिलं, ते असं.

'वन्सं यांस. खुलासा असा की, पाचवं पान मला जड वाटलं म्हणून मी ते कापलं. पाचव्या पानाच्या मागं सहावं पान असतं हे मला सुचलं नाही. आजवर मी कापलेल्या कागदांच्या पाठीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. तुकडा मी खिशात घातला, खिसा कोटाला लावला, कोट दवाखान्यात गेला, तुकडा जळाला. त्या ओळी मी मनानं लिहून पाहिल्या. जमल्या नाहीत. तुम्ही त्या पुन्हा लिहाव्यात अशी विनंती आहे. गोष्टीसाठी लिहा असं मी म्हणणार होते, पण ते अर्धंच खरं आहे. मला त्या वाचायच्यात.'

दहाला पाच मिनिटं असताना तिनं तो कागद वर नेऊन दिला. वन्संनी दार उघडलं, घेतला, लावलं.

तासाभरानं जिन्यात पावलं वाजली. वन्सं खाली आल्या, आणि उंबऱ्याबाहेर न थांबता आत शिरल्या. खोलीत दोघी मावत नाहीत, म्हणून त्या इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. हातात खुलासा होता, त्यावर लाल शाई.

"मनानं नाही, मनाने. खुलाशात बोली चालत नाही. 'जन्मात' लिहून खोडलंयस, खोडलेलं स्वच्छ खोडावं. विनंती मधेच करायची नसते, शेवटी करायची असते." त्यांनी कागद तिच्यापुढं धरला. "बाकी ठीक."

मावशीनं पाहिलं. सगळ्या कागदावर लाल रेघा होत्या. शेवटच्या ओळीला मात्र एकही नव्हती. तिच्याशेजारी समासात वन्संच्या त्या रांगेतल्या अक्षरात लिहिलं होतं, 'येथे हात लावू नये.'

"माझ्या चिठ्ठ्या वाचल्यात," मावशी म्हणाली.

"काल रात्रीच वाचल्या. आधी टाचण्या टोचल्या, मग वाचल्या." वन्सं थांबल्या. "सदर एकवीस वेळा आलंय. मी मोजलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं, नुसतं म्हणाले, कचेरीतली भाषा. आता कचेरीतली कुठली आणि घरातली कुठली, मला काय कळणार? चौतीस वर्षं मी तिथंच बोलले. घरी आल्यावर बोलायला होतं कोण?"

"आम्ही होतो की खाली."

"होतात," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला. "जशा होत्या तशा त्या ओळी आता मला आठवत नाहीत. पुन्हा लिहिते. तू बस इथं. पण मधे बोलायचं नाही."

मावशी ओठांत टाचण्या घेऊन बसली. तिला गप्प राहायचं असलं की ती तेच करते. वन्संनी इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून लिहिलं. दोनदा थांबल्या. एकदा 'सदर' लिहून बसल्या आणि स्वतःच स्वच्छ खोडलं. मग कागद उचलून वाचायला लागल्या, हजेरी घ्यावी तशा कोरड्या आवाजात.

"'ती पाहून मला वाटले, ही माझ्या भावाला माझ्यापासून कापून नेणार. चौथ्या दिवशी मी कचेरीत जायला निघाले तर माझ्या कोटाचे कोपर शिवलेले होते. ते तीन वर्षे फाटलेले होते, आणि घरात कोणाला दिसलेले नव्हते. मी तिला दारात थांबवून रागावले, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून. मग कचेरीत जाऊन दिवसभर बाहीवर शिवण शोधत बसले. त्या दिवशीची दोन पत्रे चुकीच्या वहीत चढली. तो कोट अजून माझ्याकडे आहे. शिवण मला सापडलेली नाही.'"

मावशीनं टाचण्या काढून एकेक करून उशीत खोचल्या. त्याला बराच वेळ लागला.

"बोल आता," वन्सं म्हणाल्या. "कुठं खटकतं?"

"'घरात कोणाला दिसलेले नव्हते.' घरात तुम्ही आणि हेच होता. 'भावाला दिसले नव्हते' असं लिहा. लागेल त्यांना, पण खरं आहे."

"लागू दे. थर्मामीटरच्या वेळचं फिटेल." वन्संनी दुरुस्त केलं. "आणि बढती राहणार. नोकरीला लागल्यापासून वाट पाहिली होती मी तिची."

"राहू द्या. पण नऊ ओळी नकोत. आदेशाचा क्रमांक कशाला वाचणाऱ्याला?"

"क्रमांक मला पाठ आहे."

"म्हणून काय झालं. ह्यांना पंपांचे नंबर पाठ आहेत, ते काय जेवताना सांगतात?"

"सांगतो की."

"सांगतात," मावशीनं कबूल केलं. "पण मी ऐकते का?"

वन्संच्या ओठाचा एक कोपरा हलला. घासाघीस बराच वेळ चालली. नवाच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. तिसऱ्या ओळीवर वन्सं अडून बसल्या, आणि ती ओळ वाचून पाहिल्यावर मावशीनं ती सोडली. त्या ओळीत, बढतीचं पत्र स्वतःच्याच हातानं आवक वहीत चढवताना तिचं अक्षर पहिल्यांदा हललं, असं होतं. ते तिला दिसलं.

मग वन्संनी सगळी गोष्ट नवी उतरून काढली. बाकीची गोष्ट जुन्या सवयीनं पाठपोट. ती कात्रीची ओळ आणि तो कोट मात्र वेगळ्या कागदावर, एकाच बाजूला. शाई वाळल्यावर त्यांनी तो कागद मावशीपुढं सरकवला, वर तिची कात्रीही ठेवली.

"ह्याची पाठ कोरी आहे. अजून कुठं जास्त वाटत असेल तर आता बघ."

मावशीनं कात्री उचलून खुंटीला लावली आणि शिंप्याचा खडू घेतला. सगळं पान सावकाश वाचलं. एका ठिकाणी खडूची बारीक रेघ ओढली, मान वाकडी करून पाहिली, आणि बोटानं पुसून टाकली.

शनिवारी बाराला वीस मिनिटं असताना दोघी वाचनालयात पोचल्या. ग्रंथपाल बाईंनी पानं मोजली, उलटीसुलटी करून पाहिली.

"बाई, तुम्ही सगळं पाठपोट लिहिलंत. मग हे एकच पान असं कसं? ह्याच्या मागं काही राहिलंय का लिहायचं?"

"नाही," वन्सं मावशीकडं बघून म्हणाल्या. "तिथं ही राहते."

ग्रंथपाल बाईंना ते काही कळलं नाही, पण त्यांनी पोच लिहून दिली. वन्संनी तिच्यावरची तारीख आणि वेळ तपासली, चूक सापडली नाही म्हणून घडी केली, आणि ठेवायला म्हणून मावशीच्या हातात दिली. मावशीनं ती घ्यायच्या आधी उलटून मागची बाजू पाहिली.